लोकरीच्या कारखान्यातला पुढारी

३ फेब्रुवारी

ताई,

पत्राला उशीर झाला, आधीच कान पकडतो. आम्ही बरे आहोत. छकुलीला दात आलेत आणि ते खरे आहेत की नाहीत हे ती घरातल्या प्रत्येकाला चावून तपासते.

आता कामाचं. मी लोकरीच्या कारखान्यात आवाराचं काम बघतो, ते तुला माहीतच आहे. ट्रक भरभरून मेंढ्या येतात. दूरवरून आलेल्या, तहानलेल्या, भेदरलेल्या. खाली उतरवलं की एका कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढून गोळा होतात. तिथून आतल्या इमारतीपर्यंत एक अरुंद गल्ली आहे, दोन्ही बाजूंना भिंत. त्या गल्लीत एकही पाय टाकत नाही. मग आमची माणसं काठ्या घेतात. परवा एका मेंढीचा पाय मोडला. मला ते बघवत नाही. तुझ्या हाताखाली वाढलोय ना.

मुकादम म्हणाले, पुढे चालणारं एखादं धीट जनावर असलं तर मेंढ्या मुकाट्यानं मागे जातात. मी बोलून बसलो, असं जनावर माझ्या ताईकडे आहे.

चिडू नकोस. आपला पुढारी बोकड दे. पोटच्या पोरासारखा सांभाळीन.

तुझा धाकटा


११ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद तुला, तुझ्या अक्षराला नाही. अर्धं पत्र मास्तरांकडून लावून घ्यावं लागलं, त्यामुळे तू काय मागतोस ते आता अख्ख्या शाळेला माहीत झालंय.

पुढारी मागतोस? त्यापेक्षा माझा उजवा हात माग, डाव्यानं भागवीन. त्याची आई त्याला टाकून मेली तेव्हा तो माझ्या ओंजळीत मावत होता. चुलीमागे खोक्यात ठेवून बाटलीनं वाढवला. तूही आई गेल्यावर तिथेच वाढलास, फक्त तू इतका हुशार नव्हतास. सगळ्यांच्या पुढे मान वर करून चालतो म्हणून थट्टेनं नाव ठेवलं पुढारी. पण नावाचाच पुढारी. कुणाला फसवत नाही.

धुकं पडलं की मी काही करत नाही. तो पुढे होतो, मेंढ्या त्याच्या मागे आणि मी मेंढ्यांच्या मागे. गेल्या हिवाळ्यात एक कोकरू घळीत पडलं तर हा एकटाच घरी आला, माझा पदर धरला आणि ओढत नेलं. कळपातल्या प्रत्येकीचा आवाज त्याला माहीत आहे. माझाही. मी रडलेली असले तर कितीही हसून बोलले तरी त्याला कळतं, जवळ येऊन डोकं घासतो.

ती पाय मोडलेली मेंढी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून पाठवते. त्याला एकटा ठेवू नकोस, गळ्याला बांधू नकोस, आणि त्याच्याशी बोलत जा. तो ऐकतो.

ताई


२ मार्च

ताई,

पुढारी पोचला आणि पहिल्याच दिवशी आवाराची कडी जिभेनं उघडून मुकादमांच्या खोलीत जाऊन खुर्चीत बसला. मुकादम आधी भडकले, मग म्हणाले, बसू दे, माझ्यापेक्षा शोभतोय.

गल्ली त्याला एकदाच दाखवावी लागली. तो पुढे जातो, मेंढ्या मागे. गल्लीच्या शेवटी डाव्या हाताला लहान फाटक आहे, त्यातून तो बाहेर येतो, मेंढ्या सरळ जातात. काठ्या भिंतीला टेकून ठेवल्यात, कुणी हात लावत नाही.

आणि एक गोष्ट मी शिकवलेली नाही. ट्रक आला की तो आधी त्यांच्यात जाऊन उभा राहतो. घाबरून कोपऱ्यात घुसलेलीला हुंगतो, तिच्या बाजूला अंग टेकवतो. मग सगळ्यांना पाण्याच्या टाकीपाशी नेतो. त्या प्यायल्या की मगच गल्लीकडे निघतो. सगळे काम सोडून बघत बसतात.

तुझा धाकटा


१२ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र मी मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा उगाचच.

म्हणजे माझा पुढारी सगळ्यांना न्हाव्याकडे नेऊन बसवतो आणि स्वतःची दाढी सांभाळून मागच्या दारानं सटकतो! शेवटी नावाला जागला म्हणायचा. इथे हसून हसून पुरेवाट झाली.

एक सांग, कातरून झाल्यावर त्या कुठल्या बाजूनं बाहेर येतात? त्याला भेटू देत जा. कातरलेली मेंढी पटकन ओळखू येत नाही. आपल्याकडे कोकरं आपल्याच आईला ओळखत नाहीत, ओरडत फिरतात, आवाज ऐकला की मग चिकटतात. पुढारी अशा वेळी सगळ्यांमधून फिरून येतो, जणू हजेरी घेतो. आपण पुढे नेलेल्या मेंढ्या परत दिसल्या नाहीत तर तो शोधत बसेल बरं. त्याला ती खोड आहे.

तो रात्री कुणापाशी झोपतो, तेही लिही.

ताई


९ मे

ताई,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. काम फार होतं, छकुलीला खोकला होता, लिहिणं राहून गेलं.

पुढाऱ्याचं जरा बिनसलंय. काळजीचं काही नाही. एक दिवस बाजूच्या फाटकाची कडी अडकली आणि तो मेंढ्यांबरोबर थोडा आत गेला. लगेच बाहेर काढला. आत यंत्रांचा आवाज मोठा असतो, त्याला घाबरला असणार. तेव्हापासून गल्लीच्या तोंडाशी येतो आणि थांबतो. नुसता थांबत नाही, मागे वळून मेंढ्यांकडे तोंड करतो, पाय आपटतो, फुरफुरतो. की त्या सगळ्या माघारी. खाणंही कमी झालंय. मुकादम म्हणतात, जनावर फिरलं. आणि फिरलेलं जनावर ते ठेवून घेत नाहीत.

मला वाटतं त्याला तुझी आठवण येते. तुझा आवाज ऐकला तर धीर येईल. मास्तरांकडे टेपरेकॉर्डर आहे ना? तू त्याला बोलावतेस तशी एका कॅसेटवर हाक मारून पाठव. लवकर.

तुझा धाकटा


१७ मे

धाकट्या,

तो घाबरट नाही. दोन वर्षांपूर्वी त्यानं कळपाला डबक्यावर जाऊ दिलं नव्हतं, मी चिडून काठी उगारली तरी हलला नाही. मग दिसलं, पाण्यात कुत्रं मरून पडलं होतं. तो मागे फिरतो तेव्हा काहीतरी असतंच. तुमच्या यंत्रात बिघाड आहे का ते कुणाला तरी बघायला सांग. कुणाचा हात जाईल नाहीतर.

कॅसेट पाठवतेय. मास्तरांनी ते डबडं माझ्या पुढ्यात ठेवलं आणि बोला म्हणाले. काय बोलणार? आधी मला नुसता खोकला आला, तोही त्यात गेलाय. मग मास्तरांना बाहेर पाठवलं, डोळे मिटले आणि तो समोर आहे असं धरून बोलले. ‘ये रे राजा, ये. मी आहे ना. घाबरू नको. ये.’ एक बाजू संपेपर्यंत तेच. शेवटी आवाज भरून आला, ते पुसता येत नाही म्हणाले मास्तर.

एवढं करून ऐकला नाही तर त्याला परत पाठव. मुकादमांना सांग, ताईला तो फिरलेलाही चालतो.

ताई


१० जून

ताई,

कॅसेटनं कमाल केली. भोंगा खांबावर लावलाय. तुझा आवाज आला आणि त्यानं कान टवकारले, सगळ्या आवारात तुला शोधत फिरला, मग हाकेबरोबर चालायला लागला. आता रोज चालतो. मुकादम खूश आहेत, मला आवारावरचा मुख्य केलंय.

तू यायचं म्हणतेस, पण एवढ्यात येऊ नकोस. रस्ता खोदलाय, धूळ आहे, तुझी छाती आधीच नाजूक. सोबत एक ब्लँकेट पाठवतोय. आमच्या कारखान्याच्या लोकरीचं आहे. थंडीत पांघर आणि आम्हाला आठव.

तुझा धाकटा


१६ जुलै

धाकट्या,

ब्लँकेट मऊ आहे. इतकं मऊ की मला शंका आली. एक धागा ओढून काडीनं पेटवला. लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. हा धागा वितळला आणि त्याचा टणक मणी झाला. आधी मी हसले. म्हटलं, दुकानदारानं माझ्या भावाला गंडवलं. मग मनात आलं, लोकरीच्या कारखान्यातल्या माणसाला दुकानात कशाला जावं लागतं?

म्हणून मंगळवारी मी येऊन गेले. तुमच्या घरी आले नाही.

बसमधून उतरून चहावाल्याला लोकरीचा कारखाना कुठे म्हणून विचारलं. तो म्हणाला, ‘मावशी, इथे लोकरीचा कारखाना नाही. कत्तलखाना आहे. तो विचारताय का?’ मी म्हटलं, नाही नाही. आणि त्यानं बोट दाखवलं त्याच रस्त्यानं चालत राहिले.

मागच्या बाजूला तारेचं कुंपण आहे. तिथे उभी राहिले. एका गाडीत ओली कातडी भरत होते. दुसऱ्या बाजूला ट्रक रिकामा होत होता. इतक्यात खांबावरच्या भोंग्यातून खोकला आला. माझा खोकला. मग मी. ‘ये रे राजा, ये. मी आहे ना.’

पुढारी आला. फार वाळलाय. मेंढ्या त्याच्या मागे. गल्लीच्या तोंडाशी थांबला, वळून त्यांच्याकडे बघितलं. भोंग्यातून मी म्हटलं, घाबरू नको. तो गेला. सगळ्या गेल्या. थोड्या वेळानं बाजूच्या फाटकातून तो एकटा बाहेर आला आणि थेट त्या खांबाखाली जाऊन उभा राहिला. मान वर करून. मी तिथून खाली उतरेन म्हणून वाट बघत होता रे.

मी हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती. मारता आली नाही.

केसानं गळा कापणं म्हणतात, तू लोकरीनं कापलास. मी तुझ्यावर विश्वासून त्याला दिलं, मेंढ्या त्याच्यावर विश्वासून गेल्या आणि तो माझ्यावर विश्वासून गेला. सगळ्यांचा विश्वास तू एकाच गल्लीतून हाकलास. मी न्हाव्याचे विनोद करत होते तेव्हा तू हसलास का? तेवढं मला कळायला हवं.

पुढारी परत पाठव. कॅसेटही.

ताई


२२ जुलै

ताई,

हसलो नाही. ते पत्र मी बायकोलाही दाखवलं नाही.

खोटं बोललो, कबूल. खरं सांगितलं असतं तर तू त्याला दिलं नसतंस आणि मला घरातही घेतलं नसतंस. नोकरी लागली तेव्हा कारखाना म्हटलं, तू लोकरीचा ना म्हणालीस, आणि मी हो म्हटलं. मग ते हो वाढतच गेलं.

पण तू एक समजून घे. मेंढ्या तशाही जाणारच होत्या. आधी काठ्या खात, पडत, पाय मोडून जायच्या. पुढारी आल्यावर पाणी पिऊन, शांतपणे जायला लागल्या. त्यात त्यांचं वाईट काय झालं? मला खरंच वाटत होतं की मी काहीतरी बरं करतोय.

आणि आता विचारतोच. दलाल दरवर्षी तुझे नर घेऊन जातो, ते काय शाळेत घालायला? कुठे नेतोस म्हणून तू त्याला कधी विचारलंस? तू विचारत नाहीस म्हणून तू मायाळू आणि मी तिथे उभा राहतो म्हणून मी कसाई.

त्या दिवशी कडी अडकली नव्हती. फाटकावरचा माणूस जागेवर नव्हता. मी बघत होतो, धावलो, पण तोवर तो आत गेला होता. ओढून काढला तेव्हा जे ओरडला तसं बोकडाला ओरडताना मी आजवर ऐकलं नाही. त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो आणि संध्याकाळी तुला कॅसेटचं पत्र लिहिलं.

शुक्रवारच्या ट्रकनं तो येतोय. मुकादमांना सांगितलंय, त्याला रोग झालाय, इतरांना लागेल. हे खोटं तुझ्यासाठी बोललो.

धाकटा


९ ऑगस्ट

धाकट्या,

पुढारी पोचला.

ट्रकमधून उतरेना. ड्रायव्हर दोर ओढायला लागला, त्याला थांबवलं. जवळ जाऊन हळूच म्हटलं, ये रे राजा. तो मागे सरकला, फळीला पाठ लावून थरथरायला लागला. मी गप्प बसले, लांब जाऊन दगडावर टेकले, तेव्हा आपला आपण उतरला.

कळपानं त्याला लगेच ओळखलं. सगळ्या भोवती गोळा झाल्या, थोरल्या मेंढीनं तर त्याच्या मानेवर मान ठेवली आणि कितीतरी वेळ काढली नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, येईल ताळ्यावर.

दिवस कलला तशी मी नेहमीची हाक दिली. मेंढ्या उतारावरून निघाल्या आणि हा धावत त्यांच्या पुढे आला. मला वाटलं, घेऊन येतोय. तो त्यांच्या आणि माझ्या मध्ये उभा राहिला. माझ्याकडे पाठ करून पाय आपटले, फुरफुरला आणि सगळ्यांना वळवून वर घेऊन गेला. माझ्याच मेंढ्या, माझ्याच गोठ्यापासून. मी हाका मारत राहिले तसा तो त्यांना आणखी लांब नेत राहिला.

दुसऱ्या दिवशीही तेच. आता मी हाक मारत नाही. मुकाट्यानं वर जाते, त्यांच्या मागे फिरते, त्या दमल्या की आपण होऊन खाली येतात. मास्तर म्हणतात, विसरेल. तो विसरणार नाही. आणि त्याचं चुकतंय असं मला तरी कुठल्या तोंडानं म्हणता येईल?

दलालाचं म्हणालास. पत्र ऐकून मी दिवसभर तुला शिव्या घातल्या. शिव्या संपल्या, प्रश्न तिथेच. तो यंदाही आला तेव्हा विचारलं, कुठे नेतोस रे? तो हसला, ‘इतक्या वर्षांत कधी विचारलं नाहीत!’ त्याला रिकामा पाठवला. आता हिवाळ्यात इतक्या तोंडांना चारा कुठून आणू ते मला माहीत नाही. पुढच्या वर्षी त्याला पुन्हा रिकामा पाठवीन अशी शपथही घेत नाही. मी काही साध्वी झालेली नाही. पण विकलेल्या एकाही जनावराला मी ‘मी आहे ना’ म्हटलं नव्हतं. ते तू माझ्या तोंडून वदवून घेतलंस.

कॅसेट आली नाही.

ताई


३० ऑगस्ट

ताई,

कॅसेट मिळत नाही. मुकादमांनी दुसऱ्या आवारासाठी तिच्या नकला काढून घेतल्यात. नवा बोकड आणलाय. तो तुला ओळखत नाही, तरी लावतात. म्हणे बाईच्या आवाजात माया आहे, मेंढ्या नरम पडतात.

मी बंद करा म्हटलं. मुकादम म्हणाले, ‘कॅसेट तुझी आहे का?’

‘माझ्या बहिणीची आहे.’

‘मग तिला सांग, फार उपयोगी पडली.’

मी पुढचा ट्रक उतरवायला गेलो. बोलायला हवं होतं. नोकरी सोडलेली नाही. सोडणार आहे असंही लिहीत नाही, कारण तुझ्याशी आणखी खोटं बोलायचं नाही. रोज सकाळी भोंग्यातून तू खोकतेस आणि सगळे कामाला लागतात. मला लहानपणी ताप यायचा तेव्हा तू उशाशी बसून हेच म्हणायचीस ना? मी आहे ना, घाबरू नको. आता ते सुरू झालं की मी टाकीमागे जाऊन पाणी सोडून ठेवतो, त्या आवाजात ते बुडावं म्हणून.

छकुली चालायला लागली आहे. तिला घेऊन यावंसं वाटतं. तू नुसतं ये म्हण, पुढच्या बसनं निघतो.

धाकटा


८ सप्टेंबर

धाकट्या,

चाऱ्याचं थोडंफार जमलं. मास्तरांनी शाळेमागचं गवत कापून न्यायला दिलंय. पुढारी अंगानं भरतोय. मी गप्प असले तर गोठ्याच्या दारापर्यंत येतो. काल माझ्या हाताजवळचा पाला खाल्ला. मला शिंक आली, तर उडी मारून पळाला.

माझ्या नकला काढल्या म्हणतोस. म्हणजे मी आता दोन ठिकाणी उभी आहे. ऐकून रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. फक्त सकाळी उठल्यावर खोकला आला की मी तो दाबून धरते.

छकुलीला आणणार असशील तर तिला सांगून ठेव, वर मेंढ्यांकडे गेल्यावर बोलायचं नाही. हात पुढे करून नुसतं बसायचं. पोरं शिकतात लवकर. तुझ्या बायकोला जाड कपडे आणायला सांग, ते ब्लँकेट मी गोठ्याच्या खिडकीला ठोकलंय.

वाट तुला माहीत आहे. दाराला कडी नसते. पण तू म्हणतोस तसं ‘ये’ मात्र मी म्हणणार नाही.

ताई